पुण्यातल्या गच्चीवर स्ट्रॉबेरी: ऑक्टोबर ते जूनच्या नोंदी

मागच्या हिवाळ्यात घराजवळच्या एका नर्सरीतून लालबुंद फळं लगडलेली चार रोपं आणली होती. दीड महिन्यात चारही गेली. का गेली ते कळलंच नाही, कारण काहीच लिहून ठेवलं नव्हतं. म्हणून या वेळी पहिल्या दिवसापासून वही ठेवली. जागा पुण्यात सिंहगड रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावरची गच्ची. दुपारी दोनपर्यंत ऊन, मग शेजारच्या इमारतीची सावली. सल्ला द्यायला वाईचे मामा (माझ्या नवऱ्याचे), जे गेली कित्येक वर्षं पावसाळ्यात स्ट्रॉबेरीची रोपं तयार करून वर महाबळेश्वर-पाचगणीकडे देतात.

6 ऑक्टोबर 2024

आज फक्त भरण तयार केलं. पाच किलोच्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन विटा, 30 किलो गांडूळ खत, दोन पाट्या भाताचं तूस. माती अजिबात घेतली नाही. आमच्याकडची काळी माती पाणी धरून बसते, आणि मामांचं पहिलं वाक्यच ते होतं: "पाणी थांबलं की स्ट्रॉबेरी संपली."

पिशव्या बारा. 12 इंच रुंद, 9 इंच उंच. खोल पिशवीची गरज नाही, या झाडाची बहुतेक मुळं वरच्या सहा-आठ इंचांतच असतात.

कोकोपीट भिजवलं, फुललं, थेट मिसळलं. धुतलं नाही. ही चूक महिनाभराने अंगाशी आली, म्हणून इथेच लिहून ठेवते: कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नका.

13 ऑक्टोबर

काल दसरा. मामांकडे जेवून येताना 24 रोपं आणली, बारा स्वीट चार्ली आणि बारा विंटर डॉन. दोन्ही जाती फ्लोरिडाच्या विद्यापीठाने काढलेल्या, म्हणजे फारशी थंडी न पडणाऱ्या भागातल्या. पुण्यासाठी म्हणूनच मामांनी याच निवडल्या. रोपाला 20 रुपये घ्यायला लावले मी, ते घेत नव्हते.

फुलं-फळं लागलेलं रोप घ्यायचं नाही, हे या वेळी शिकले. मामांची रोपं दिसायला साधी होती. तीन-चार पानं, पण पिशवी फाडली की पांढऱ्या मुळांचा झुपका. मागच्या वर्षीची रोपं वरून देखणी आणि खाली तपकिरी दोरा होती.

संध्याकाळी पाचनंतर लावली. एका पिशवीत दोन. वारा होता म्हणून रोपं हलू नयेत यासाठी जरा खोल दाबली आणि वरून भरपूर पाणी दिलं.

22 ऑक्टोबर

सात रोपं गेली. स्वीट चार्लीची पाच, विंटर डॉनची दोन.

परतीचा पाऊस आठवडाभर येऊन-जाऊन होता. आधी मधलं कोवळं पान काळं पडलं, मग बाकीची पानं हिरवी असतानाच माना टाकल्या. मला वाटलं पाणी कमी पडतंय. अजून पाणी घातलं. दोन दिवस असंच केलं.

शेवटी एक मेलेलं रोप उपटून सुरीने उभं चिरलं. मुळं आणि पानं यांच्यामध्ये जो बोटाएवढा आखूड बुंधा असतो (मामा त्याला क्राऊन म्हणतात, मी गाभा म्हणते) तो आतून विटकरी-तपकिरी झाला होता. नखाने दाबला तर पाणी सुटलं. तुलनेसाठी एक जिवंत रोपही मुद्दाम काढून गाभ्याला बारीक काप देऊन पाहिला: आत पांढरट, कच्च्या बटाट्यासारखा कडक. फोटो मामांना पाठवला. लगेच फोन.

"क्राऊन पुरलीस व्हय गं?"

"वाऱ्याने हलत होती मामा, म्हणून थोडी खाली..."

"अगं, त्याचा गळा मोकळा राहिला पायजे. मूळ मातीत, पाला वर, आणि क्राऊन बरोबर मातीच्या तोंडाशी. पुरलास तर कुजतो, उघडा टाकलास तर वाळतो."

23 ऑक्टोबर

सकाळी ऑफिसला जायच्या आधी उरलेली सतरा रोपं एकेक करून वर उचलली. पद्धत अशी: बोटांनी गाभ्याभोवतीचं भरण बाजूला करायचं, खालून चमच्याने रोप मुळांसकट सैल करायचं, अर्धा ते पाऊण इंच वर घ्यायचं, आणि खालच्या पोकळीत नवं भरण ढकलायचं. गाभ्याचा खालचा अर्धा भाग मातीला टेकलेला, वरचा अर्धा उघडा. जिथून नवीन पान फुटतं ते टोक पूर्ण मोकळं. एका रोपाला चार-पाच मिनिटं लागली. हेच लावताना केलं असतं तर सात रोपं वाचली असती.

मेलेल्या रोपांच्या पिशव्यांतलं भरण परत वापरलं नाही, खाली कुंपणाशी कण्हेरीला टाकलं. कुजवणारी बुरशी त्यात राहते, आणि त्याच जागी नवं रोप लावलं की तेही जातं. रिकाम्या पिशव्या धुऊन चार दिवस उन्हात ठेवल्या.

आजपासून पाणी झारीने वरून नाही. पिशवीच्या कडेने, मगाने, सकाळी सातच्या आत. गाभा कोरडा आणि मुळं ओली, हे एकच ध्यानात ठेवून बाकी सगळं ठरवायचं.

10 नोव्हेंबर

दिवाळीच्या गडबडीत दहा दिवस नीट लक्ष नव्हतं. आज पाहिलं तर जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी, आणि नव्या पानांचा रंग पिवळा, पण शिरा हिरव्यागार. अगदी कोणी पिवळ्या कापडावर हिरव्या दोऱ्याने जाळी काढावी तसं.

आणखी एक गोष्ट. स्ट्रॉबेरीच्या पानाची कड दातेरी असते आणि पहाटे त्या प्रत्येक दाताच्या टोकावर पाण्याचा एकेक थेंब उभा राहतो. दव नव्हे, पानाच्या आतून आलेलं पाणी. मामा सांगतात, "सकाळी थेंब दिसला की मूळ चालू हाय समजायचं." माझ्या रोपांवर थेंब नव्हते. जिथे पूर्वी येत असत तिथे टोकाला पांढरी भुकटी जमली होती. जिभेला लावून पाहिली, खारट.

तेव्हा पहिल्यांदा पाण्याचा संशय आला. गच्चीवरच्या नळाला सोसायटीच्या बोअरचं पाणी येतं. स्वयंपाकघरात महापालिकेचं.

12 नोव्हेंबर

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) मागवला, 250 रुपये. आकडे (पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग क्षार) असे आले: महापालिकेचं पाणी 95, बोअर 840. आणि पिशवीत पाणी ओतून खालून निथळलेलं पाणी 1,900.

1,900 बघून माझा चहा गार झाला. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि न धुतलेल्या कोकोपीटमधलं मीठ, दोन्ही मिळून महिनाभर मुळांशी साठत होते. स्ट्रॉबेरी हे खारट पाण्याला सगळ्यात आधी हार मानणाऱ्या पिकांपैकी एक आहे. त्याच बोअरच्या पाण्यावर माझा कढीपत्ता आणि जास्वंद मजेत आहेत, म्हणून कधी शंकाच आली नव्हती. शिरा हिरव्या ठेवून पान पिवळं पडतं ते लोह न मिळाल्यामुळे. लोह भरणात असतंही, पण असल्या चुनखडी पाण्याने भरण अल्कधर्मी झालं की मुळांना ते उचलता येत नाही.

16 आणि 17 नोव्हेंबर

दोन्ही दिवस फक्त धुलाई. महापालिकेचं पाणी बादल्यांनी वर नेऊन प्रत्येक पिशवीतून 30-35 लिटर सोडलं, थांबून थांबून, खालून निथळून जाऊ देत. पहिल्या फेरीला खालचं पाणी चहासारखं लाल होतं. तिसऱ्या फेरीनंतर निथळलेल्या पाण्याचा आकडा 310 वर आला. लेक बादल्या वाहायला होती, नाहीतर माझ्याने झालं नसतं. दोन दिवस आणि पाठदुखी. कोकोपीट आधीच बादलीत तीन वेळा भिजवून पिळून घेतलं असतं तर हे काम एका तासाचं होतं.

धुताना खतही वाहून गेलं, म्हणून रविवारी संध्याकाळी प्रत्येक रोपाला मूठभर गांडूळ खत, गाभ्यापासून चार बोटं लांब. चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात पानांवर फवारलं, ऊन उतरल्यावर.

यापुढे स्ट्रॉबेरीला बोअरचं पाणी नाही. भाजी-डाळ-तांदूळ धुतलेलं पहिलं पाणी साठवते (मीठ पडलेलं नाही), बाकी महापालिकेचं. रोज सात-आठ लिटर पुरतं.

24 नोव्हेंबर

नवीन आलेलं पान हिरवं आहे! जुनी पिवळी पानं हिरवी झाली नाहीत, होतही नाहीत. करपलेली कापून टाकली.

सकाळी साडेसहाला थेंब दिसले. सतरापैकी अकरा रोपांवर.

विंटर डॉनला फुलं आलीत. आज सगळी खुडली, एकूण तेवीस. लेक रडवेली झाली, "आई, नको ना, एक तरी ठेव." पण रोपाला जेमतेम पाच पानं आहेत आणि महिनाभर ते आजारी होतं. आत्ता फळ धरलं तर ते बोराएवढं राहील आणि रोप तिथेच थांबेल. तिला सांगितलं, 1 डिसेंबरनंतर येईल ते प्रत्येक फूल तुझं.

पिशव्यांवर भाताचा पेंढा अंथरला, बोटभर जाड, गाभ्याभोवती वाटीएवढी जागा मोकळी सोडून. फळ ओल्या मातीला टेकू नये आणि पाणी कमी लागावं, दोन्हीसाठी.

4 डिसेंबर

बंगालच्या उपसागरातल्या फेंगल वादळामुळे चार दिवस मळभ, दमट आणि उकाडा. थंडी गायब. पानांवर जांभळे ठिपके आलेत, मधोमध राखाडी. मामा म्हणाले ठिपक्याचा रोग, घाबरू नकोस, ठिपक्याची पानं काढ आणि रोपांमध्ये हवा खेळू दे. पिशव्या एकमेकींना चिकटून होत्या, त्या वीतभर लांब केल्या. काढलेली पानं कंपोस्टमध्ये न टाकता कचऱ्यात दिली. फवारणी काही केली नाही.

29 डिसेंबर

फळं धरलीत पण आकार विचित्र. एका बाजूने फुगलेली, दुसऱ्या बाजूने चिमटलेली, टोकाला घट्ट हिरवी गाठ. दहापैकी सात अशी.

रोग वाटला होता. भिंगातून पाहिलं तर फुगलेल्या भागावरचे दाणे टपोरे होते, आणि चिमटलेल्या भागात बारीक, दाटीने चिकटलेले. स्ट्रॉबेरीवरचा प्रत्येक दाणा स्वतंत्र फलित व्हावा लागतो. जो होतो त्याच्याभोवतीचा गर फुगतो, जो राहतो तिथे फळ आखडतं. म्हणजे परागीभवन अर्धवट. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही: दुपारच्या उन्हासाठी मीच शेडनेट चारी बाजूंनी खाली सोडली होती. आत माशी शिरायला वाटच नव्हती.

आजपासून नेट फक्त वरून. आणि सकाळी दहा ते बाराच्या मध्ये, फूल पूर्ण उमललेलं असताना, लेकीच्या चित्रकलेचा शून्य नंबरचा मऊ ब्रश. आधी कडेचे पिवळे पुंकेसर, मग मधला फुगीर हिरवट भाग, गोल फिरवत, हलक्या हाताने. एका फुलाला दोन दिवस. सुट्टीच्या दिवशी मी, एरवी सासूबाई. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, त्यांनी केलेली फळं नंतर जास्त सुबक निघाली.

14 जानेवारी 2025

संक्रांत. पाच फळं पिकली, सगळी डिसेंबरची, वाकडीतिकडी. देवापुढे ठेवून मग खाल्ली. देठापर्यंत लाल होईपर्यंत थांबलो होतो आणि ते थांबणं सार्थकी लागलं. बाजारातली खांद्याशी पांढरी असते, कारण ती प्रवासासाठी आधीच तोडावी लागते. तोडल्यावर ती लाल होते, पण गोडी वाढत नाही.

19 जानेवारी

बुलबुलाची जोडी. सहा फळांना चोची. बारीक जाळी आणली, 350 रुपये. सकाळी दहाला वर गुंडाळायची, बारानंतर परत सोडायची, म्हणजे माश्यांनाही वाट आणि ब्रशलाही. पहाटे आणि संध्याकाळी बुलबुल येतात, तेव्हा जाळी खाली.

31 जानेवारी

ब्रशने केलेल्या फुलांची पहिली फळं. शंकूसारखी, नीट. सर्वात मोठं 24 ग्रॅम. या आठवड्यात 310 ग्रॅम.

सतराच्या सतरा रोपांवर सकाळी थेंब आहेत.

16 फेब्रुवारी

दुपारचं ऊन तापायला लागलंय आणि पानांचा तजेला गेला. वरून पाहिलं तर बारीक फिकट टिपके, राख शिंपडल्यासारखे. पान उलटलं, खाली जाळं आणि हलणारे लाल-तांबूस कण. लाल कोळी. कोरड्या गरम हवेत तो आठवड्यात दुप्पट-चौपट होतो.

शनिवारी अकरा वाजता कडुनिंबाचं तेल फवारलं होतं, लिटरला पाच मिली, थोडा साबण. आज त्या पानांवर तेलकट तपकिरी डाग आहेत. उन्हात फवारल्यामुळे पानं भाजली. कोळ्यापेक्षा जास्त नुकसान त्या फवारणीने झालं.

सुधारित पद्धत: सकाळी सहाला स्प्रेच्या बारीक पण जोरदार धारेने पानांची *खालची* बाजू धुवायची, एक दिवसाआड. सातपर्यंत ऊन येतं, गाभा लगेच वाळतो. तेल लिटरला तीन मिलीच, तेही सूर्य मावळल्यावर, आठवड्यातून एकदा. सगळ्यात बाधित जुनी पानं देठासकट काढली, प्रत्येक रोपाची तीन-चार.

2 मार्च

कोळी आटोक्यात. दोन पिशव्यांत अजून आहे, त्या बाजूला काढून ठेवल्या. धुण्यानेच फरक पडला असं माझं स्पष्ट मत झालंय, तेलाने नव्हे: मधल्या आठवड्यात तेल राहून गेलं होतं तरी संख्या घटत होती.

30 मार्च

फळं बारीक आणि मऊ यायला लागली. फुलं थांबली. आज हिशोब मांडला.

खर्च: रोपं 480, पिशव्या 660, कोकोपीट 400, गांडूळ खत 360, टीडीएस मीटर 250, लोह 120, कडुनिंब तेल 180, जाळी 350. एकूण 2,800 रुपये. तूस आणि पेंढा मामांकडचा.

उत्पन्न: 2 किलो 380 ग्रॅम, म्हणजे रोपामागे 140 ग्रॅम. पैशांत हे परवडत नाही आणि परवडेल अशी आशा ठेवून कोणी लावू नये. मीटर, जाळी, पिशव्या पुढच्या वर्षी आहेत. वेळ: एरवी रोज वीस मिनिटं, नोव्हेंबरचे ते दोन दिवस वेगळे.

दिवस मोठा होऊ लागलाय आणि रोपांनी लांब लाल दोरे सोडलेत, रनर. मार्चपर्यंत येतील ते कापत होते, आता ठेवणार. पण सगळ्यांचे नाहीत. ज्या चार रोपांवर ना कोळी आला ना ठिपके, फक्त त्यांचेच.

20 एप्रिल

पारा चाळिशीला. चार मातृरोपं पूर्वेच्या बाल्कनीत, नऊ वाजेपर्यंतच ऊन. बाकीची तेरा काढून टाकली. जड गेलं, पण कोळ्याची जागा ठेवून उपयोग नाही.

रनरच्या पेरावर चिमुकली पानं फुटली की ते पेर पेल्यात धुतलेल्या (!) कोकोपीटवर टेकवायचं आणि केसांच्या पिनेने अडकवायचं. पुरायचं नाही, फक्त टेकवायचं. दोरा लगेच कापायचा नाही, तीन-चार आठवडे आई त्यातून पाणी पुरवते. चौदा पेरं लावलीत.

27 मे

मॉन्सून कालच पुण्यात पोहोचला, इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. त्याआधीचा आठवडाभरही धो धो. पेले पहिल्या सरीलाच आत पत्र्याखाली घेतले, ऑक्टोबर आठवून. तरी बाल्कनीच्या कोपऱ्यात राहिलेले तीन कुजले. तीनही पेल्यांना खाली भोक नव्हतं, माझ्या नजरेतून सुटलं. उरलेल्या अकरांना तापवलेल्या सुईने प्रत्येकी चार भोकं पाडली.

15 जून

आठ दिवसांपूर्वी दोरे कापले. एक रोप सुकलं, दहा आहेत. मामांना विचारलं की हीच रोपं वर्षानुवर्षं चालवावी का. ते म्हणाले एक पिढी चालव, मग नवीन ने. जुन्या रोपांतून रोग पुढे जातो, म्हणूनच तिकडे परदेशातून मातृरोपं आणून त्यांचे रनर करतात.

आज पहाटे पत्र्याखाली बॅटरी घेऊन गेले. दहापैकी नऊ रोपांच्या पानांना कडेने थेंब होते, टोकाटोकाला एकेक. दहाव्याचा गाभा पाहिला, भरणात बुडाला होता. चमच्याने वर उचलला.